नवं मराठी रॅप ऐकताना बोली कुठली आणि बीट कुणाची, हे आधी बघा

खजराना (इंदूर) : गणपती मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ माझी बहीण राहते. तिचा मुलगा कॉलेजात आहे आणि रॅप लिहितो. दोन वर्षं नुसतं हिंदीत लिहीत होता. मराठीत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, पुण्याला आत्याकडे गेलो की सगळे हसतात. म्हणतात, हा 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असं काय बोलतो?"

इंदूर, बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाड्याच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी नांदते आहे, 'सानंद'ची मराठी नाटकं आजही इथं होतात. तरी घरातल्या पोरांना आपली मराठी अशुद्ध वाटते. म्हणून मराठीत सध्या जे नवं रॅप येतंय, ते आपण सीमेपलीकडच्यांनी जरा कान देऊन ऐकायला हवं.

रॅपमध्ये सुरापेक्षा बोलणं मोठं. शब्द तालावर कसे पडतात, कुठे थांबतात, कुठे धावतात, त्याला ही पोरं 'फ्लो' म्हणतात. आणि बोलणं आलं की बोली आलीच. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '100 आरबीएच' या नावानं रॅप करतो. शंभर म्हणजे हिंदीत सौ, पुढे आर-बी-एच म्हणजे रभ, झाला सौरभ! त्याच्या मराठीला वऱ्हाडी वळण आहे आणि ते तो लपवत नाही. 'करून राहिलो' वऱ्हाडातही सर्रास चालतं. पुस्तकी मराठीत तेच रॅप म्हणून बघा, निम्मा जोर जाईल.

तो ज्या 'स्वदेशी' गटातून पुढे आला, तिथे एकेक जण आपापल्या भाषेत बोलतो. एमसी मवाली मराठीत. 2022 मध्ये अकाली गेलेला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत. आरेच्या जंगलावरचं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' 2019 मध्ये आलं, त्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. ज्याचं जंगल जातंय, त्याचाच आवाज गाण्यात आहे. माझ्या मते हे गाणं अजून जुनं झालेलं नाही.

पुण्याच्या एमसी स्टॅनची गाणी बहुतेक हिंदीत आहेत. पण 2023 मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला तेव्हा 'शेमडी' म्हणजे काय, हे देशभर विचारलं जात होतं. आपल्याला विचारावं लागलं नाही. 2024 चं क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नाचण्यासाठी उत्तम, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. शब्दांसाठी मात्र मी ते पुन्हा लावणार नाही. रॉककडे वळायचं तर 'अभंग रिपोस्ट' ऐका. संतांचे शब्द घरात आधीच पाठ असतात, त्यामुळे गिटार-ड्रम्स कितीही वाजले तरी आईसुद्धा बसून ऐकते.

बीट भाड्याची की मालकीची?

आता कॉमर्सवाल्याचा प्रश्न. रॅपच्या मागे वाजणारं संगीत, म्हणजे बीट, नवी पोरं बहुतेक वेळा इंटरनेटवरून घेतात. त्यात दोन प्रकार. 'लीज' स्वस्त असते, पण ते भाडं झालं. तीच बीट विकणारा आणखी पन्नास जणांना देऊ शकतो. गाणं ठरावीक आकड्यापेक्षा जास्त ऐकलं गेलं तर पुन्हा पैसे भरायची अटही बऱ्याचदा असते. 'एक्सक्लुझिव्ह' महाग, त्यानंतर ती बीट दुसऱ्याला विकत नाहीत, पण आधी दिलेली भाडी चालूच राहतात. एखादं नवं गाणं ऐकून "हे कुठेतरी ऐकलंय" असं वाटलं, तर दर वेळी चोरीच असते असं नाही.

भाच्याचं पहिलं हिंदी गाणं इथेच अडकलं. त्याच बीटवर दुसऱ्या कुणीतरी आपलं गाणं आधी नोंदवून ठेवलं होतं. यूट्यूबच्या यंत्रणेला दोन्ही सारखी वाटली, दावा लागला आणि जाहिरातीचे जे थोडेफार पैसे व्हायचे ते तिकडे वळले. लीजचा कागद दाखवून दावा उठवता येतो. पण याने कागद जपूनच ठेवला नव्हता. बी.कॉम. करणारा पोरगा, आणि व्हाउचर नाही! मी काही बोललो नाही, त्याची आई बोलली तेवढं पुरे होतं.

नवं गाणं मराठीत आहे. बीट कॉलेजातल्या मित्रानं लॅपटॉपवर बनवलीय. कमाई अर्धी-अर्धी, आणि यावेळी दोघांच्या सहीचा कागद आहे. गाण्यात इंदुरी 'भिया' आहे, पहिल्याच ओळीत 'करून राहिलो' आहे. पुण्याला आत्याला आधी पाठवायचं की थेट टाकून द्यायचं, यावर बहिणीकडे अजून वाद चालू आहे.