‘नोंद नाही’ म्हणजे ‘रुग्ण नाही’ का?

विषय फ्लूचा आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा मास्तर, हे जरा विचित्र वाटेल. पण प्रश्न ज्ञानाचाच आहे. साथ आलीय हे आपल्याला कळतं कसं?

तापाच्या प्रत्येक रुग्णाची प्रयोगशाळेत तपासणी शक्य नसते. म्हणून ओपीडीतल्या रोजच्या नोंदी कामी येतात. ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, सोबत खोकला आणि आजार दहा दिवसांच्या आतला. अशा रुग्णाला ‘फ्लूसदृश’ म्हणतात. हे निदान नव्हे, मोजणीची खूण आहे. एका रुग्णाबाबत ती चुकेलही. पण दर आठवड्याला त्याच खुणेनं मोजलं, की आकडा नेहमीपेक्षा चढलाय का ते दिसतं. पावसाळ्यात कोल्हापुरात सर्दी-ताप वाढतोच. म्हणून जुलैची तुलना मेशी नव्हे, आधीच्या वर्षांतल्या जुलैशी करायची.

आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. आरोग्यसेवक लक्षणांवरून ‘एस’ फॉर्म भरतात, डॉक्टर संभाव्य निदानाचा ‘पी’, तर प्रयोगशाळा ‘एल’. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. विषाणू कोणता, हे प्रयोगशाळाच सांगते. ताप कुठल्या भागात वाढतोय, हे मात्र दवाखान्याचं रजिस्टर आधी सांगू शकतं.

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, एखाद्या भागातून आकडाच आला नाही. तिथं साथ नाही असं म्हणायचं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तो नाही. पण अट आहे बरं का: तो असता तर दिसला असता, इतका उजेड हवा. अंधारात न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणूनच रुग्ण नसला तरी ‘शून्य’ असं कळवायचं असतं. शून्य म्हणजे दिवा लावून पाहिलं. कोरा रकाना म्हणजे अंधार. आपल्यातले कितीतरी जण ताप आला की खासगी डॉक्टरांकडे जातात, नाहीतर मेडिकलमधून गोळी घेतात. त्यातलं जे वर कळवलं जात नाही, ते आकड्यात येत नाही.

याची किंमत कोण मोजतं? फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. साथ उशिरा ओळखली, तर हा वेळ गरोदर बाई, म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण यांच्या हातून निसटतो. तेव्हा ‘आमच्या भागात फ्लू नाही’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा: पाहिलंत का, की नुसतं दिसलं नाही?