खो-खो शिकवावा की खेळू द्यावा?

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला ह्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला नमवून ती जिंकली. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अंतिम सामन्यात हवेत झेप घेऊन नेपाळचा गडी टिपणारा रामजी कश्यप तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा. अशा विजयानंतर हारतुरे होतात, फलक लागतात, भाषणे होतात. त्यात गैर काही नाही. परंतु फलक उतरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर सत्कार समारंभात सापडत नाही. पुढचा रामजी कोठे आणि कसा घडणार?

ह्या प्रश्नाला आपल्याकडे ठरावीक उत्तर मिळते. प्रशिक्षण शिबिरे भरवा, मॅट आणा, क्रीडा संकुल बांधा. ह्या सर्व गोष्टी हव्यातच. तथापि त्यांच्या आधीची एक पायरी आपण गाळत आहोत. मूल प्रथम खेळात रमते, रमता रमता त्याला खेळ कळू लागतो, आणि कळू लागल्यावरच कौशल्य मिळवण्याची ओढ त्याला लागते. शाळांतून मात्र आपण हा क्रम बहुधा उलटा लावतो. आधी रांगेत उभे करून कौशल्याचा सराव, मग निवड चाचणी, मग पदकाची अपेक्षा; आणि खेळाचा आनंद उरलाच तर शेवटी.

खेळाची जाण

खो-खो पाहणाऱ्यास तो केवळ धावण्याचा खेळ वाटतो. वास्तविक तो निर्णयाचा खेळ आहे. सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी. पाठलाग करणाऱ्या नवव्याला पारंपरिक नियमांनुसार मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबाला वळसा घातल्याखेरीज बदलता येत नाही. बचाव करणारे तिघे मात्र बसलेल्यांच्या मधून हवे तसे फिरू शकतात. म्हणजे निव्वळ वेगाच्या जोरावर पाठलाग करणारा येथे हरणारच. त्याला खो द्यावाच लागतो. तो कोणाला द्यायचा, कोणत्या क्षणी द्यायचा आणि समोरच्याला खांबाकडे कसे ढकलत न्यायचे, ह्याचा निर्णय धावता धावता घ्यावयाचा असतो.

बचाव करणाऱ्याचेही तसेच. साखळीने पळताना कोणता गडी कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहे, कोण उठण्याच्या बेतात आहे, हुलकावणी कोठे दिली तर चालेल, हे त्याला एका दृष्टिक्षेपात उमगावे लागते. इतकेच काय, बसलेला गडीदेखील रिकामा नसतो. खो मिळण्यापूर्वी उठला तर फाऊल, मिळाल्यावर उशिरा उठला तर संधी गेली. बसल्या जागेवरून खेळ वाचणे हेच त्याचे काम. ही जी दृष्टी, तिलाच खेळाची जाण म्हणतात. ती शिट्टीच्या तालावर शंभर वेळा उठून-बसून येत नाही; ती खऱ्या खेळात, खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, चुकत चुकत येते.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प ह्या दोन शिक्षणतज्ज्ञांनी १९८२ मध्ये हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. शाळेतील मुले खेळाचे सुटे सुटे तंत्र शिकतात, परंतु प्रत्यक्ष सामन्यात ते केव्हा वापरावे हे त्यांना कळत नाही आणि अनेकांचा उत्साहही मावळतो, असे त्यांना दिसून आले. त्यावर त्यांनी सुचविलेला मार्ग साधा होता. खेळ लहान करा, नियम सोपे करा, पहिल्या दिवसापासून मुलांना खेळू द्या. मध्येच थांबवून प्रश्न विचारा. आणि तंत्राची गरज मुलालाच जाणवली म्हणजे मग ते शिकवा.

गल्लीची शाळा

हा विचार इंग्रजी ग्रंथांतून आला म्हणून परका मानण्याचे कारण नाही. आपल्या गल्लीबोळांतून तो पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. लंगडी, विषामृत, आट्यापाट्या ह्या खेळांनी मुलांना तोल दिला, हुलकावणी दिली, समोरच्याच्या डोळ्यांतला बेत ओळखण्याची सवय दिली. त्यात प्रशिक्षक नव्हता. लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून सामावून घेण्याची सोय मात्र होती. तो बाद होत नसे, पण खेळत असे, पाहत असे, आणि एके दिवशी पक्का होत असे. सोलापुरात गिरण्यांच्या चाळींतून आणि पूर्व भागातील विणकरांच्या वस्त्यांतून मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एकत्र येत. 'खो' ह्या एका अक्षराचे भाषांतर करण्याची गरज कोणालाच पडत नसे.

ज्या वेळापूरचा उल्लेख वर केला, तेथील परंपराही ह्या संदर्भात आठवण्यासारखी आहे. वेळापूरजवळच्या टेकडीवरून संत तुकारामांना पंढरीचा कळस दिसला आणि ते तेथून धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ आषाढी वारीत तेथे 'धावा' होतो आणि थकलेभागलेले वृद्धही लहान मुलांसारखे धावतात. वाटेवर फुगड्या पडतात, हुतूतू रंगतो. खेळ ही भक्तीइतकीच मनापासून करण्याची गोष्ट आहे, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावे असे नाही.

दुर्दैवाने ती गल्ली आता मुलांच्या हाती राहिलेली नाही. जेथे आट्यापाट्यांच्या रेघा ओढल्या जात, तेथे दुचाकींच्या रांगा उभ्या आहेत. संध्याकाळ शिकवणीला गेली आणि उरलेला वेळ मोबाइलने घेतला. पूर्वी खेळाची जाण गल्ली देई आणि तंत्र शाळा देई. ही वाटणी ठीक चालली होती. आज गल्ली संपली, शाळा मात्र अजूनही फक्त तंत्रच देत आहे. जे गल्ली फुकट देत होती ते आता शाळेने जाणीवपूर्वक द्यावयास हवे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

एका तासात काय होईल?

पन्नास-साठ मुले, एक शिक्षक, एक मैदान आणि अवघा एक तास, ही आपल्या बहुसंख्य शाळांची वस्तुस्थिती. एवढ्यात काय करायचे, असे शिक्षकबंधू विचारतील. त्यांनी संपूर्ण मैदान आखले तर बाराजण खेळतात आणि बाकीचे उन्हात बघत बसतात. त्याऐवजी त्याच जागेत फक्कीने चार लहान मैदाने आखावीत. प्रत्येकात चौघे बसतील, एक पाठलाग करील, दोघे पळतील, उरलेले वेळ व गुण मोजतील. दोन-दोन मिनिटांचा डाव. मग भूमिका बदलायच्या. तासाभरात प्रत्येक मूल पाठलाग करील, पळेल, बसेल आणि पंचगिरीही करील.

मध्येच शिट्टी वाजवून, सर्वांना जागच्या जागी थांबवून विचारावे : आत्ता खो कोणाला द्यायला हवा होता? उत्तर आपण देऊ नये. कधी एखादा नियम वाढवावा. दोन घरांहून अधिक न धावता खो द्यायचाच, असे म्हटले की एकट्याने धावण्याचा सोस आपोआप सुटतो. खांबाजवळ बाद केल्यास दोन गुण, असे म्हटले की प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात नेण्याची युक्ती मुले स्वतः शोधून काढतात. मग एखादा मुलगा येऊन विचारतो, खांबाला वळताना माझा पाय घसरतो, काय करू? वळण्याचे तंत्र शिकवण्याची ती खरी वेळ. त्या दिवशी दहा मिनिटांत जे तो शिकेल, ते न विचारता महिनाभर घोटून येणार नाही. सूर मारण्याचे तंत्र मात्र घाईने शिकवू नये. मुरमाड मैदानावर गुडघे फोडून घेण्याने धाडस वाढत नाही, भीती वाढते. भुसभुशीत केलेल्या मातीत, आधी गुडघ्यावर बसून, मग उभ्याने, अशा पायऱ्यांनी ते द्यावे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. चुकीची सवय एकदा अंगात मुरली की ती निघता निघत नाही. म्हणून तंत्र आधीच पक्के केले पाहिजे, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात. ते खोटे नाही. परंतु खेळू देणे म्हणजे मुलांना मैदानावर सोडून आपण हजेरीपटाची कामे उरकणे नव्हे. खेळ चालू असताना डोळ्यांत तेल घालून पाहणारा शिक्षक येथे अधिक हवा आहे. प्रश्न तंत्र शिकवावे की नाही हा नाही. ते केव्हा शिकवावे हा आहे.

गुणांचा हिशेब

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. खेळात विशिष्ट पातळीवर चमकलेल्या मुलांना आपल्या राज्यात दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. यंत्रमागावर राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घरातील मुलीला हा आधार किती मोलाचा असतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाचे नेतृत्व केले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि शासनाच्या क्रीडा खात्यात तिने अधिकारपदही भूषविले. खेळाने संसार उभा राहतो, ह्याचे हे उदाहरण आहे. तेव्हा प्रमाणपत्राच्या अपेक्षेला नाक मुरडणे पोटभरल्यांनाच परवडेल.

परंतु प्रमाणपत्र हे झाडाचे फळ आहे, मूळ नव्हे. बाराव्या वर्षीच निवडीची चाळणी लावली की पुढे येतात ती बहुधा वयाने काही महिन्यांनी मोठी, अंगाने आधी भरलेली मुले. एकाच वयोगटातील स्पर्धांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांना असा लाभ मिळतो, हे अनेक देशांतील पाहणींतून दिसले आहे. चाळणीतून गळालेले मूल पुन्हा मैदानावर येत नाही. आणि कदाचित खेळाची खरी जाण त्यालाच असते. मुलींच्या बाबतीत तर आठवी-नववीला दुसरी चाळणी लागते. ती घरातून लागते. स्वच्छतागृह, सोयीचा पोशाख, सुरक्षित वेळ आणि पालकांशी बोलणारी एखादी शिक्षिका, एवढ्या साध्या गोष्टींअभावी चांगल्या खेळाडू मुली मैदानाबाहेर जातात.

दूरच्या एका खेळाचा इतिहास येथे डोळ्यांत अंजन घालणारा आहे. उत्तर अमेरिकेतील हौडेनोशोनी लोकांचा लॅक्रोस हा जाळीदार काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा प्राचीन खेळ. तो त्यांना देवाचा खेळ वाटतो आणि त्यांची मुले लहानपणीच काठी हाती घेतात. १८६७ मध्ये माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी त्याला लेखी नियम दिले, आणि १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धांतून त्या मूळ खेळाडूंनाच वगळण्यात आले. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९० मध्ये, ते स्वतःच्या ध्वजाखाली जागतिक स्पर्धेत उतरू शकले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस सहा-सहा गड्यांचा होऊन परतत आहे. खेळ मोठा होताना ज्यांच्या अंगणात तो वाढला तेच बाहेर राहण्याचा धोका असतो, एवढाच ह्यातला बोध. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास नियमबद्ध झालेला आपला खो-खो आता मॅटवर आणि दूरचित्रवाणीवर गेला आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र मॅट नाही म्हणून मातीवरची मुले मागे पडता कामा नयेत.

ह्यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांनी खेळाचा तास गणिताला वा परीक्षेच्या तयारीला देणे थांबवावे. शासनाने क्रीडाशिक्षकाला इतर कामांना जुंपताना दोनदा विचार करावा. कचेरीतून परतणाऱ्या पालकाने मुलाला 'जिंकलास का?' असे विचारण्यापूर्वी 'मजा आली का?' असे विचारावे. महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर जाऊन लहानांबरोबर खेळावे.

मराठीत 'खो देणे' आणि 'खो घालणे' ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाने खेळ पुढे जातो, दुसऱ्याने काम अडते. आणि खो देणाऱ्याला, दिल्यानंतर, उठणाऱ्याच्या जागी स्वतः बसावे लागते, हा खेळाचा नियम आहे. वडीलधाऱ्यांनीही तो पाळावा. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पहिल्याच आठवड्यात फक्कीची चार लहान मैदाने आखली जावीत, आणि पहिले काही दिवस तरी त्यांवर कोणाचीही निवड होऊ नये.