तिथे पाणी खाली जातच नाही!

आमच्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात मिरचीचे रोप होते. गावाला जाताना आम्ही त्याला दोन तांबे जादा पाणी घातले. आठ दिवसांनी येऊन पाहतो तर मुळे कुजलेली! डब्याला भोक पाडायचे राहून गेले होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे तेव्हा नीट कळले.

पण वाचकहो, पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात भोक पाडूनही भागत नाही. तिथे पाणी निथळत नाही. ते मुळांना गोळ्यासारखे बिलगून बसते आणि रोप गुदमरते. म्हणून २०१४ साली तिथे 'व्हेजी' नावाचा छोटासा वाफा बसवला, त्यात कापडी उशा ठेवल्या. उशीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडे आणि हळूहळू विरघळणारे खताचे दाणे. बी वातीला चिकटवलेले. कंदिलाची वात रॉकेल ओढते, तसा ओलावा त्या वातीतून बियापर्यंत पोचतो. उशीत पाणी भरायचे ते सिरिंजने! ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिथे पिकवलेला लाल लेट्यूसचा पाला खाल्ला.

त्याच वर्षी झिनियाची फुलझाडे लावली आणि पाणी जास्त झाले. डिसेंबरात पानांवर बुरशी आली. पंख्याचा वेग वाढवला, तर रोपे सुकू लागली. तेव्हा स्कॉट केली या अंतराळवीराने जमिनीवरच्या मंडळींना सांगितले, की रोपाकडे पाहून कधी पाणी द्यायचे ते मला ठरवू द्या. आमच्या मते हेच खरे शेतकऱ्याचे बोलणे! वेळापत्रकाला रोपाची तहान कुठून दिसणार? काही रोपे दगावली, पण उरलेल्यांना जानेवारी २०१६ मध्ये नारिंगी फुले आली.

आपल्या इस्रोनेही हा प्रयोग केला, आणि तोही कोणी माणूस जवळ नसताना. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या यानात एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे होते. मातीत खत आधीच मिसळलेले. चौथ्या दिवशी मोड आले आणि काही दिवसांत कोवळी पानेही दिसली. आपल्या घरात उसळीसाठी भिजत घालतो, तीच ही चवळी.