कर्करोग बरा झाल्यानंतर मूत्रपिंडांची देखरेख
बालकाचा कर्करोग बरा झाला की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु काही औषधांचा परिणाम मूत्रपिंडांवर मागे राहू शकतो. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता घटू शकते व शरीरातील मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते. आयफॉस्फामाइडमुळे फॉस्फेट वाया जाऊन मुडदूस होऊ शकतो व वाढ खुंटू शकते. ही हानी वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकते. म्हणून अशा मुलांचा रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन व क्षार, तसेच लघवीतील प्रथिने यांची नियमित तपासणी आवश्यक आहे. औषधांच्या मात्रेची नोंद असलेली कागदपत्रे पालकांनी मूल मोठे झाल्यावरही जपावीत. डायलिसिसच्या खर्चापुढे या तपासण्यांचा खर्च अल्पच. दात्यांनी केमोथेरपीइतकेच याही कार्यास साहाय्य करावे, अशी आम्ही नम्र विनंती करतो.