फळ न कापता आतले कसे कळणार?

बाजारात हापूस आंब्याची प्रतवारी मुख्यतः वजनावर होते. २५० ग्रॅमचे फळ २०० ग्रॅमच्या फळापेक्षा अधिक भाव मिळवते. गिऱ्हाईक मात्र गर खाते. कापल्यावर बाठ्याभोवतीचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस निघाला, म्हणजेच फळात साका असला, की वजनाला काही अर्थ उरत नाही. साका बाहेरून दिसत नाही. म्हणून फळसंशोधनात वजन हे पहिले मोजमाप असते, शेवटचे नव्हे.

प्रथम वजनच पाहू. एका झाडाची पाच फळे २४०, २४५, २५०, २५५ व २६० ग्रॅमची आहेत. दुसऱ्याची १५०, २००, २५०, ३०० व ३५० ग्रॅमची. दोन्हींची सरासरी २५० ग्रॅमच! पण एकसारखा माल पहिल्या झाडाचा. यासाठी सरासरीबरोबर विचलनही नोंदवतात. फळे झाडाच्या सर्व बाजूंची, उन्हातली व सावलीतली, अशी घ्यावी लागतात. हाताला येतील ती तोडून चालत नाही. मग साल, बाठा व गर वेगळे तोलून गराचे शेकडा प्रमाण काढतात.

गोडी मोजायला रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतात. विरघळलेल्या पदार्थांमुळे प्रकाशाचे वक्रीभवन वाढते व ते ब्रिक्स अंशांत वाचता येते. यात मुख्य वाटा साखरेचा असला तरी आम्ले व क्षारही मोजले जातात. आंबटपणासाठी ५ ग्रॅम गर पाण्यात कालवून, गाळून, फिनॉल्फ्थॅलिन घालून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करतात. दर मिलिलिटरला ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल धरतात. समजा, २.५ मिलिलिटर लागले. तर आम्ल १६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३२ टक्के. दुसऱ्या फळाला ५ मिलिलिटर लागले, तर ०.६४ टक्के. दोन्हींचे ब्रिक्स १९ असले तरी पहिल्यात ब्रिक्स-आम्ल गुणोत्तर सुमारे ५९ व दुसऱ्यात ३० येते. दुसरे फळ जिभेला आंबट लागते ते यामुळेच.

आता खरी अडचण. हे सारे कळायला फळ कापावे लागते, आणि कापलेले फळ विकता येत नाही. म्हणून न कापता करायच्या परीक्षा शोधल्या गेल्या. त्यांतली सर्वांत सोपी पाण्याची. फळ तयार होताना त्यात पिष्टमय पदार्थ साठत जातो व विशिष्ट गुरुत्व वाढते. कोवळी फळे पाण्यावर तरंगतात, तयार फळे बुडतात.

विद्यार्थी विचारतील, तरंगते का बुडते एवढेच का पाहायचे? आकडाच काढू. काढून पाहा. २५० ग्रॅमच्या फळाने २४५ मिलिलिटर पाणी सारले, तर विशिष्ट गुरुत्व १.०२ येते. वाचनात ५ मिलिलिटरची चूक झाली आणि २५० वाचले, तर ते १.०० होते, म्हणजे शोधायचा फरकच चुकीत बुडाला. अशा वेळी दोन ढोबळ मोजमापांच्या भागाकारापेक्षा पाण्याशी थेट तुलना अधिक भरवशाची ठरते.

पाण्याची परीक्षा तयारी सांगते. साक्याबद्दल निश्चित निर्वाळा देत नाही. त्यासाठी क्ष-किरण प्रतिमांचा प्रयोग हापूसवर झाला असून त्यावरील संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा मार्ग जातच बदलण्याचा. नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेली 'रत्ना' ही साका नसलेली जात कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केली. अशी जात निवडताना मात्र हंगामामागून हंगाम फळे तोलावी लागतात, आणि कापावीही लागतात.

वर्गात हा प्रयोग पाच-सहा कैऱ्या, एक बादली व तराजू यांवर होऊ शकतो. कोणती बुडेल याचा अंदाज आधी वहीत लिहायला सांगावे. मग कैऱ्या पाण्यात सोडाव्यात, आणि शेवटी कापून बाठा किती टणक झाला आहे ते पाहावे.