हॉलीवूडच्या पहिल्या बोलपटांचा हरवलेला आवाज

'सिंगिंग इन द रेन' या १९५२ सालच्या हॉलीवूडपटात एक गमतीचा प्रसंग आहे. मूकपटांच्या जमान्यातील एका कंपनीने घाईघाईने तयार केलेला बोलपट प्रेक्षकांना दाखविला जात असतो आणि मध्येच चित्र व आवाज यांची फारकत होते. खलनायकाचे ओठ हलतात तेव्हा नायिकेचा आवाज ऐकू येतो, नायिका बोलू लागली की खलनायकाचा! चित्रपटगृहात हशा पिकतो. प्रसंग विनोदासाठी रचलेला असला तरी तो निव्वळ काल्पनिक नव्हता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील चित्रपटगृहांना या संकटाची खरोखरच धास्ती असे. कारण त्या वेळच्या अनेक बोलपटांचे चित्र फितीवर असे आणि आवाज मात्र ग्रामोफोनच्या तबकडीवर.

या उणिवेमुळे ती पद्धत काही वर्षांतच मागे पडली. मात्र चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवण्याची हीच रीत पुढे चित्रपटाच्या इतिहासाला उपकारक ठरली.

एका तबकडीत अकरा मिनिटे

या पद्धतीचे नाव व्हायटाफोन. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा यांनी विकसित केलेले हे तंत्र वॉर्नर ब्रदर्सने स्वीकारले. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्क येथे 'डॉन जुआन' हा चित्रपट या तंत्राने प्रदर्शित झाला. त्यात संवाद नव्हते. मात्र वाद्यवृंदाचे संगीत पडद्यामागील कर्ण्यांतून ऐकू येत होते.

साध्या ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-चार मिनिटांत संपे. चित्रपटाचे हजार फुटांचे एक रीळ मात्र सेकंदाला २४ चौकटी या गतीने सुमारे अकरा मिनिटे चालत असे. म्हणून व्हायटाफोनसाठी १६ इंच व्यासाची मोठी तबकडी तयार करण्यात आली आणि तिची गती मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे इतकी कमी ठेवण्यात आली. एका रिळाला एक तबकडी असा हिशेब बसला. नेहमीच्या तबकडीवर सुई कडेकडून मध्याकडे जाते, येथे ती मध्यापासून कडेकडे जात असे.

चित्र दाखविणारे यंत्र आणि तबकडी फिरविणारी चकती एकाच मोटारीवर चालत, त्यामुळे दोहोंची गती सारखी राही. यंत्रचालकाने फितीवरील खुणेची चौकट यंत्राच्या झरोक्यासमोर आणायची आणि सुई तबकडीवरील बाणाच्या टोकाशी टेकवायची, एवढी दक्षता घेतली की खेळ सुरू होई. तबकडी झिजत असल्याने किती खेळ झाले हे नोंदविण्यासाठी तिच्यावरील कागदावर चौकोन छापलेले असत. साधारण वीस खेळांनंतर ती बाद होई.

चूक कोठे होत असे

अडचण पुढेच होती. फीत तुटली की चालक खराब झालेला तुकडा कापून दोन्ही टोके जोडत असे. मूकपटाच्या काळात ही किरकोळ बाब होती. आता मात्र बारा चौकटी गेल्या तरी चित्र अर्ध्या सेकंदाने पुढे धावे. ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. उपाय म्हणून जितक्या चौकटी गेल्या तितक्याच काळ्या चौकटी मध्ये जोडाव्या लागत. सुईने एक खाच ओलांडली तर एका फेऱ्याचा, म्हणजे सुमारे १.८ सेकंदांचा फरक पडे. चुकून दुसऱ्याच रिळाची तबकडी लागली, तर 'सिंगिंग इन द रेन'मधील फजिती प्रत्यक्षात उतरे.

चित्रीकरणातही तबकडीचे जाच होते. मेणाच्या चकतीवर कोरलेला आवाज फितीसारखा कापता किंवा जोडता येत नसे. त्यामुळे संपूर्ण प्रसंग एका दमात उरकावा लागे आणि वेगवेगळ्या कोनांतून दृश्ये मिळावीत म्हणून अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागत. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिग्राहकात शिरू नये यासाठी कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंदिस्त खोलीत कोंडले जाई. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत मुक्तपणे फिरणारा कॅमेरा या काळात एका जागी खिळून गेला, तो यामुळे.

प्रेक्षकांनी तरीही बोलपटाला उचलून धरले. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी 'द जाझ सिंगर' प्रदर्शित झाला. हा पूर्ण बोलपट नव्हे. त्याचा बराचसा भाग मूकच असून कथा पडद्यावरील मजकुरातून उलगडते. गायक अल जोल्सनची गाणी आणि जेमतेम दोनेक मिनिटांचे बोलणे एवढेच त्यात होते, पण तेवढ्याने इतिहास घडला. या तंत्रासाठी सर्वांत आग्रही असलेल्या सॅम वॉर्नर यांना मात्र हे यश पाहता आले नाही. आदल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, 'लाइट्स ऑफ न्यूयॉर्क' हा संपूर्णपणे बोलका असलेला पहिला दीर्घ चित्रपट आला.

फितीवरील आवाजाची सरशी

याच सुमारास फॉक्स कंपनीचे मूव्हीटोन तंत्र पुढे येत होते. त्यात ध्वनिलहरींचे रूपांतर प्रकाशाच्या कमीअधिक तीव्रतेत करून ती नोंद फितीच्याच कडेला एका अरुंद पट्ट्यात छापली जाई. खेळाच्या वेळी त्या पट्ट्यातून प्रकाशकिरण जाई आणि प्रकाशविद्युत घट त्याचे पुन्हा विजेच्या संकेतात रूपांतर करी. फीत तुटली तर चित्राबरोबर तेवढाच आवाजही जाई. दोहोंचा मेळ बिघडत नसे. मे १९२८ मध्ये पॅरामाउंट, एमजीएम यांसारख्या बड्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या उपकंपनीशी करार केले आणि फितीवरील आवाजाचा मार्ग मोकळा झाला. १९३०-३१ च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सनेही तबकडीवरील ध्वनिमुद्रण सोडून दिले.

अर्धा वारसा

त्या काळातील चित्रफिती नायट्रेटच्या असत. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही, शिवाय काळाच्या ओघात आपोआप कुजणारे. जुने चित्रपट पुन्हा दाखविण्यात फायदा नाही असे समजून कंपन्यांनीही त्यांची हेळसांड केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळातील दीर्घ मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. पहिल्या बोलपटांची नायट्रेट फीतही याच धोक्यात होती.

येथे तबकडी कामास आली. ती कुजत नव्हती, पेट घेत नव्हती. नीट ठेवली तर दशकानुदशके टिकत होती. म्हणूनच चित्र नष्ट झाल्यावरही काही बोलपटांचा आवाज उरला. 'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे' हा १९२९ सालचा गाजलेला रंगीत संगीतपट याचे ठळक उदाहरण होय. त्याचा आवाज तबकड्यांवर उपलब्ध आहे, चित्र मात्र मुख्यतः अखेरच्या भागापुरतेच उरले आहे. लॉरेन्स टिबेट या ऑपेरा गायकाचा 'द रोग साँग' (१९३०) हा चित्रपटही तुकड्यांतच पाहता येतो, पण त्याचा ध्वनी तबकड्यांनी जपला.

काही चित्रपटांच्या बाबतीत उलटे घडले. चित्र संग्रहालयात सापडले, पण ते मुके होते. अशा फितींच्या जोडीदार तबकड्या शोधण्यासाठी १९९१ मध्ये रॉन हचिन्सन आणि अन्य संग्राहकांनी 'व्हायटाफोन प्रोजेक्ट' हा उपक्रम सुरू केला. खासगी संग्रहांत पडून असलेल्या तबकड्यांची नोंद करायची, त्यांवरील क्रमांक संग्रहालयांतील फितींशी ताडून पाहायचे आणि जोडी जमली की दोहोंचे पुनर्मीलन घडवायचे, असे हे काम. जोल्सनचा 'अ प्लँटेशन अ‍ॅक्ट' हा १९२६ चा लघुपट असाच परत मिळाला. त्याची मुकी प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती आणि तबकडी सापडली ती फुटलेल्या अवस्थेत. तुकडे जोडलेल्या त्या तबकडीवरून आवाज स्वच्छ करून घेण्यात आला. कोलीन मूर या अभिनेत्रीच्या 'व्हाय बी गुड?' (१९२९) या चित्रपटाची प्रत इटलीतील मिलान येथे होती, तर संगीताच्या तबकड्या अमेरिकेत. २०१४ मध्ये दोन्ही एकत्र आणून तो पुन्हा दाखविण्यात आला. हचिन्सन यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

भारतासाठी धडा

अमेरिकेतील या लाटेचे पडसाद भारतातही उमटले. 'शो बोट' हा १९२९ सालचा हॉलीवूडपट पाहून अर्देशीर इराणी यांना बोलपट काढण्याची प्रेरणा मिळाली, असे सांगितले जाते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात त्यांचा 'आलम आरा' झळकला. त्यासाठी वापरलेले यंत्र आवाज थेट फितीवरच घेत असे. तंत्राच्या दृष्टीने ती पुढची पायरी होती. मात्र चित्र आणि आवाज एकाच फितीवर असल्याने फीत गेली तेव्हा दोन्ही गेले. भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

एखादी गोष्ट एकाच ठिकाणी ठेवणे सोयीचे असते. दोन ठिकाणी ठेवणे कटकटीचे, पण सुरक्षित. व्हायटाफोनच्या तबकड्यांनी ही सुरक्षितता ठरवून दिली नव्हती, ती योगायोगाने मिळाली. चित्रपटांचे जतन करणाऱ्या संस्था आज एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या जागी ठेवण्याचा आग्रह धरतात. तो किती रास्त आहे, हे हॉलीवूडचे अर्धे उरलेले बोलपट आणि 'आलम आरा'ची रिकामी जागा या दोहोंवरून दिसून येते.