प्रोटीन मोजलं, की भलतंच काही?

थर्ड इयरला आमच्या बॅचला ब्रॅडफर्ड टेस्टचं प्रॅक्टिकल होतं. कुमासी नावाचा तपकिरी डाय प्रोटीनला चिकटला की निळा होतो. मग ५९५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, स्टँडर्ड ग्राफवर टाकायचं, झालं! पण माझी नुसत्या पाण्याची ट्यूबसुद्धा निळसर. पाण्यात प्रोटीन कुठून आलं? मॅडमनी एवढंच विचारलं, "ट्यूब कशाने धुतलीस?" डिटर्जंटने धुऊन मी ती नीट विसळलीच नव्हती, आणि डिटर्जंटनेही हा डाय निळा होतो. मशीन बिचारं निळेपणा मोजत होतं, प्रोटीन मी समजत होतो.

माझे तर फक्त जर्नलचे मार्क गेले. हाच घोटाळा दुधात मुद्दाम केला तर?

दुधाची जुनी, भरवशाची पद्धत केल्डालची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या लॅबमध्ये योहान केल्डालने ती १८८३ मध्ये मांडली. सॅम्पल तीव्र सल्फ्युरिक अॅसिडमध्ये उकळायचं, म्हणजे त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट होतं. मग अल्कली घालून अमोनिया बाहेर काढायचा, अॅसिडमध्ये पकडायचा आणि टायट्रेशन करायचं. आलेल्या नायट्रोजनला दुधासाठी ६.३८ ने गुणलं की प्रोटीन! इथेही मोजला नायट्रोजनच. प्रोटीन आपण गृहीत धरलं.

आता मेलामाइन घ्या, म्हणजे ज्याच्या रेझिनच्या न फुटणाऱ्या प्लेट्स होतात ते. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. गणित करून बघा: १ ग्रॅम मेलामाइन केल्डालला सव्वाचार ग्रॅम प्रोटीन वाटतं! लिटरभर दुधात प्रोटीन साधारण ३२ ग्रॅम. त्यात दहा टक्के पाणी ओतलं तर सुमारे ३ ग्रॅमची तूट येते, आणि ती पाऊण ग्रॅम पावडरीत भरून निघते. चीनमध्ये नेमकं हेच चाललं होतं. २००८ मध्ये ते उघडकीस आलं तेव्हा सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली होती, सहा दगावली. मेलामाइनचे खडे त्यांच्या इवल्याशा किडन्यांत अडकले होते.

आता मेलामाइन वेगळं शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर आहे, पण महागडा. मला आवडलेली युक्ती साधी आहे, आणि २००८ च्या आधीपासून माहीत असलेली. दुधात ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड घाला. प्रोटीन साक्याखाली बसतं, मेलामाइन पाण्यात विरघळलेलंच राहतं. गाळून घ्या आणि केल्डाल त्या गाळलेल्या पाण्यावरही करा. चांगल्या दुधात तिथे एकूण नायट्रोजनच्या पाच-सहा टक्केच सापडतो. जास्त निघाला, की दूधवाल्याला विचारायचं, "बाबा रे, हा कुठून आला?"